मुकादम घरी येतो

नवरात्र जवळ आले की सातपुड्यातल्या आणि पायथ्याच्या पाड्यांवर मुकादम फिरू लागतो. तो बहुतेकदा ओळखीतला असतो, कधी नात्यातलाही असतो. अंगणात खाटेवर बसतो, घरातून कोण येणार ते विचारतो, उचलीचे पैसे हातावर ठेवतो आणि दिवाळीनंतर गाडी कुठे उभी राहील ते सांगून पुढच्या घरी जातो. दोन माणसांची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा-बायको नसतील तर बहीण-भाऊ, मायलेक अशी जोडी जमवली जाते. ठरल्या दिवशी ट्रकमध्ये भांडीकुंडी, पीठ, कोंबड्या, लहान मुले असा सगळा संसार चढतो आणि बारडोली, व्यारा, नवसारीकडच्या उसाच्या फडांवर उतरतो. होळीला बरेच जण गावी येऊन जातात, बाकीचे उन्हाळ्यात परततात. टनामागच्या मजुरीतून उचल वळती होते. काहींच्या हातात थोडे पैसे उरतात, काहींच्या अंगावर बाकी राहते, आणि ती बाकी म्हणजेच पुढच्या हंगामाचा करार.

नंदुरबार जिल्ह्यातली शाळा सोडलेली, दहावीला अडकलेली किंवा अकरावीला नाव घालून दिवाळीनंतर वर्गात न दिसणारी असंख्य मुले कामाच्या जगात शिरतात ती याच वाटेने. या व्यवस्थेत पिळवणूक आहे, आणि तिच्यावर लिहिणाऱ्यांनी ती पुरेशी उघड केली आहे. मला इथे दुसरे काही सांगायचे आहे. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला घरापासून कामापर्यंत नेण्यासाठी जे जे करावे लागते ते सगळे मुकादम करतो. तो स्वतः घरी येतो. घरच्या बोलीत बोलतो. आधी पैसे देतो. एकट्याला नेत नाही, गावची माणसे बरोबर असतात. प्रवासाची आणि पहिल्या रात्रीच्या निवाऱ्याची सोय करतो. एकही कागद मागत नाही. शाळा, आयटीआय, शिकाऊ उमेदवारी, कौशल्य योजना या दुसऱ्या बाजूला सगळे काही आहे, पण यातली एकही गोष्ट नाही. पोर कोयत्यावर का गेले, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव, असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यातले सुमारे ६९ टक्के आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी. साक्षरता ६४ टक्के, तेव्हा राज्याची ८२. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत खाली होता. पण या आकड्यांवरून जिल्हा रिकामा आहे असे समजू नये. शहाद्याची केळी आणि पपई, नंदुरबारची मिरची, नवापूरची तूरडाळ, धडगाव-मोलगीचा आमचूर आणि भगर यांचा व्यापार मोठा आहे. सुरत-भुसावळ लोहमार्ग नंदुरबार आणि नवापूरमधून जातो. सुरत तीन-साडेतीन तासांवर आहे. अक्कलकुव्याहून निघालेला रस्ता अंकलेश्वरच्या रासायनिक कारखान्यांपर्यंत जातो. कामाची कमतरता आहे ती चांगल्या, सुरक्षित, पुढे वाढत जाणाऱ्या कामाची. आणि अशा कामापर्यंत हाताला धरून नेणाऱ्या माणसाची.

इथे कामाचे वर्ष आणि शाळेचे वर्ष एकमेकांशी भांडतात. खान्देशात सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलते. वर्षभराची मजुरी ठरवून एखाद्या शेतकऱ्याकडे बांधून घेण्याची ती जुनी रीत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने सालदारांना माणसासारखी मजुरी आणि वागणूक मिळावी म्हणून लढा उभारला, तो भूमिहीन झालेल्या आदिवासींच्या जमिनींसाठीही होता. त्या लढ्याने सालदारीची पकड सैल केली. पुढे कोयत्याने तिची बरीचशी जागा घेतली. साल आखाजीला सुरू होते, कोयता दिवाळीला, आणि शाळा जूनमध्ये. दहावीचा निकाल लागतो तेव्हा आईबाप नुकतेच परतलेले असतात, पेरणी तोंडावर असते, आणि त्याच दोन-तीन आठवड्यांत आयटीआयचा ऑनलाइन अर्ज, कागदांची पडताळणी आणि ट्रेडचा पसंतीक्रम भरायचा असतो. धडगावच्या वरच्या पाड्यांत मोबाइलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. प्रवेशाची पहिली फेरी संपल्याचे कळते तोवर दुसरीही संपत आलेली असते.

अडचण वयाचीही आहे, आणि तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंत हात धरतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवू देत नाही, ते योग्यच आहे. त्यामुळे बरे कारखाने १८ पूर्ण झाल्याशिवाय दारात उभे करत नाहीत. दहावी होते सोळाव्या वर्षी. मधल्या दोन वर्षांत मूल कुठे असते? कोयत्याला वय विचारले जात नाही, वीटभट्टीलाही नाही. म्हणून मला आयटीआयचे दोन वर्षांचे ट्रेड, म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, यांचे मोल वेगळे वाटते. सोळाव्या वर्षी आत गेलेले मूल अठराव्या वर्षी बाहेर पडते आणि थेट कामाला लागू शकते. वेल्डर किंवा कोपा, म्हणजे संगणक चालक, असा एक वर्षाचा ट्रेड घेतलेले मूल सतराव्या वर्षी प्रमाणपत्र घेऊन घरी येते आणि तिथे एक वर्ष बसते. ते वर्ष धोक्याचे असते.

आता कागद. या विषयात सगळ्यांत जास्त मुले गळतात ती इथे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधार, आधारशी जोडलेले बँक खाते हे तर सर्वत्र लागतेच. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी दिले गेले. पण आधारवरचे नाव, शाळेच्या रजिस्टरमधले नाव आणि बँकेतले नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी शिष्यवृत्ती अडते, विद्यावेतन अडते. वळवी, वसावे, पाडवी, पावरा ही आडनावे इंग्रजीत कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. बापाचे नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर हाकेचे. जन्मतारीख तर कित्येकांची १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकली. आधारवर मग दुसरीच तारीख पडलेली असते. दुरुस्तीला गावाहून तालुक्याला दोन-तीन खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेला एका माणसाचा दिवस आणि जीपचे भाडे जाते.

त्याहून अवघड आहे जात वैधता प्रमाणपत्र. डिप्लोमा, इंजिनिअरिंग, वैद्यकीय प्रवेश आणि राखीव जागेवरची सरकारी नोकरी यांना ते लागते. प्रांताधिकाऱ्यांनी दिलेला जातीचा दाखला तपासून ते देण्यासाठी अनुसूचित जमातींची तपासणी समिती असते. खऱ्या आदिवासींच्या जागा दुसऱ्या कोणी बळकावू नयेत यासाठी ही तपासणी आवश्यकच आहे. तिच्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा सर्वांत भक्कम मानतात. ज्याचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत, त्याच्या घरी असा शाळेचा दाखला कुठून येणार? मग गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, तिला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधायची. नाहीतर जमिनीचे जुने उतारे. वनगावांत तेही तुटपुंजे. एक सोपी गोष्ट मात्र पुष्कळ घरांना ठाऊक नसते: वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात एखाद्याला आधीच वैधता मिळालेली असेल, तर ती पुढच्यांच्या कामी मोठा पुरावा म्हणून येते. म्हणजे भाऊबंदांत एका मुलाचे काम नीट झाले की मागच्या दहा जणांची वाट सोपी होते. प्रत्येक आश्रमशाळेने गावनिहाय एवढीच नोंद ठेवली, कुठल्या कुळात कोणाकडे वैधता आहे, तरी वर्षानुवर्षांची धावपळ वाचेल.

कागद जुळले, प्रवेश झाला, की मूल वर्कशॉपमध्ये येते. फिटरच्या वर्गातला पहिला काळ कानशीचा असतो. व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी घट्ट पकडायची आणि कानस पुढे दाबून, मागे सैल सोडत घासत राहायचे. पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे पाहण्यासाठी त्यावर ट्राय स्क्वेअर टेकवून ती पट्टी उजेडाकडे धरतात. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की अजून काम बाकी. कोपरा काटकोनात येईपर्यंत दिवसचे दिवस जातात, तळहाताला फोड येतात, आणि निदेशक सर पुन्हा उजेडाकडे बोट दाखवतात. लहानपणापासून कुऱ्हाड-विळा चालवलेली पोरे या कामात मागे पडत नाहीत. हाताला ताकदीचा अंदाज असतो, धीर असतो. अडते ते पुढे, व्हर्निअर कॅलिपरपाशी. त्याचे लघुत्तम माप काढायचे म्हणजे भागाकार, ०.०२ मिलिमीटरचा हिशेब, दशांश चिन्ह. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालात २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयाची मुले तपासली, त्यांतल्या फक्त ४३ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. म्हणजे ट्रेड शिकवण्याआधी पाचवीचे गणित पक्के करावे लागते. त्यात भर भाषेची. घरात पावरी किंवा मावची, शाळेत मराठी, ड्रॉइंगवरच्या सूचना इंग्रजीत, आणि नोकरीच्या ठिकाणी गुजराती नाहीतर हिंदी. चार भाषांतून एक मूल वाट काढत असते, आणि आपण त्याला 'बोलत नाही, लाजतो' असे म्हणून मोकळे होतो. प्रवेशानंतरचे पहिले दीड-दोन महिने फक्त मोजमाप, भागाकार आणि हत्यारांची नावे यांवर घालवले, आणि हत्यारांची नावे तीन भाषांत भिंतीवर लावली, तर या मुलांचे पुढचे शिकणे कितीतरी सोपे होईल.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी. कायदा १९६१ चा आहे आणि चांगला आहे. ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. २०१६ पासून केंद्राची योजना त्यातला चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपये, उचलते. जिल्ह्यात अशा मोठ्या आस्थापना मोजक्या: साखर कारखाने, नवापूरच्या गिरण्या, महावितरण, एसटीचे आगार. तरी इथली एक वाट मला फार मोलाची वाटते. वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन केलेला मुलगा महावितरणमध्ये शिकाऊ म्हणून वर्ष काढतो, आणि विद्युत सहायकाची भरती निघते तेव्हा तिला दहावी आणि हेच आयटीआय प्रमाणपत्र लागते. एक पायरी दुसरीला नेऊन भिडते. ही वाट धडगावच्या नववीच्या मुलाला कोणी फळ्यावर काढून दाखवली आहे का?

बहुतेकांना ठाऊक असलेली वाट एकच, भरती. पहाटे नंदुरबार-शहाद्याच्या मैदानांवर १६०० मीटर धावणारी मुले आणि ८०० मीटरचा सराव करणाऱ्या मुली दिसतात. अनुसूचित क्षेत्रातल्या तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांसारख्या १७ संवर्गांच्या जागा स्थानिक आदिवासी उमेदवारांनी भरायच्या, असा राज्यपालांच्या अधिसूचनेचा आधार आहे. पेसा कायद्याच्या नावाने ओळखली जाणारी ही भरती न्यायालयीन वादात अडकल्याने हजारो मुले वर्षानुवर्षे थांबली. त्यांची मेहनत खरी आहे आणि हक्कही खरा आहे. पण पंचविशीपर्यंत फक्त जाहिरातीची वाट पाहणे हा खर्च गरीब घराला परवडत नाही. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना देऊन सहा महिने कार्यालयांत बसवले, मुदत नंतर ११ महिने झाली. हातात पैसे आले हे चांगलेच. मुदत संपल्यावर मात्र पुढे काय, हा प्रश्न घेऊन तीच मुले रस्त्यावर उतरली. कामाचा अनुभव कुठल्या तरी दाराशी नेणारा असावा लागतो.

सुरत, अंकलेश्वर, नाशिक किंवा पुण्याच्या कंपनीत जागा मिळाली, तरी बरीच मुले पहिल्या दोन महिन्यांत परत येतात. कारणे साधी असतात. खोलीचे डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, प्रवास, बूट; पहिला पगार हातात यायला पस्तीस-चाळीस दिवस. शिकाऊ उमेदवाराला शासनाचा हिस्सा खात्यात येतो, पण खाते आधारशी जोडलेले असेल तर. तोवर घरून पैसे मागायचे, तर घर स्वतःच उचलीवर चाललेले. आणि एकटेपणा. ज्या मुलाने आयुष्यात एकट्याने रात्र काढलेली नाही, त्याला आपण एका अनोळखी शहरात एकट्याला पाठवतो. कोयत्यावर जाताना तसे होत नाही. आदिवासी विकास विभागाने किंवा शबरी वित्त महामंडळाने पहिल्या दोन महिन्यांसाठी बिनव्याजी उचल द्यावी, परतफेड पगारातून छोट्या हप्त्यांनी घ्यावी. मुले एकेकटी न पाठवता चार-पाच जणांच्या गटाने पाठवावीत. आणि त्या शहरात आधीच कामाला असलेला गावचा एखादा मुलगा त्यांच्या उतरण्याची सोय पाहील अशी जुळणी असावी, त्या मुलाला त्याबद्दल मानधनही द्यावे. या तिन्ही गोष्टींचा खर्च कुठल्याही नव्या प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीपेक्षा कमी आहे.

मुलींसाठी हे सगळे दुप्पट अवघड. कोयत्याला जोडी लागते, म्हणून दहावीनंतर घरी राहिलेली मुलगी अर्धा कोयता म्हणून मोजली जाते, आणि लग्न लवकर ठरते. जिथे वसतिगृहात जागा आहे तिथे मुलगी शिकते, जिथे नाही तिथे सुटते. नर्सिंगकडे मुलींचा ओढा मोठा आहे, पण त्याला बारावी लागते. म्हणजे सोळा ते अठरा ही दोन वर्षे तिला वसतिगृहात टिकवणे हेच खरे काम. मुलींना इलेक्ट्रिशियनला कशाला, असे विचारणारे अजून भेटतात. मोटार पंप, सौर पंप, घरातली वायरिंग ही गावातच मिळणारी कामे आहेत आणि ती मुली उत्तम करतात.

गावात राहून जगायचे असेल त्यांनाही शिक्षण हवेच. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, आणि आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि अभियांत्रिकी यांतली खरी कामे करायची, गावाला त्या सेवा पैसे घेऊन द्यायच्या, असा अभ्यासक्रम बांधला. तो राज्यातल्या अनेक शाळांत गेला. शहाद्याच्या पपईच्या शेतात ठिबकची दुरुस्ती, मोलगीत आमचूर वाळवण्यासाठी सौर वाळवणी, पाड्यावरच्या नळयोजनेची मोटार, दुचाकी दुरुस्ती या प्रत्येकात एका-दोघांचे पोट भरेल एवढे काम आहे. नंदुरबारजवळ कोळद्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, जिल्ह्याला ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, जिथे शिकणे आणि राहणे मोफत असते. आश्रमशाळेच्या नववीच्या मुलांनी या ठिकाणी एकेक आठवडा काढायला काहीच हरकत नाही.

शाळेतून कामापर्यंत नेण्याच्या बाबतीत जपानमध्ये बारावीनंतर लगेच कामाला लागणाऱ्या मुलांची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तिथे कंपन्या आपल्या जागा रोजगार कार्यालयामार्फत शाळांना कळवतात, शाळा मुलांना मार्गदर्शन करते आणि शिफारस करून पाठवते. सप्टेंबरच्या मध्यापासून मुलाखती होतात, मार्चमध्ये शाळा संपते, १ एप्रिलला काम सुरू होते. मुलाला निवड कमी मिळते अशी टीका या पद्धतीवर होते आणि ती बरोबर आहे. पण शाळेचा हात सुटण्याआधी दुसरा हात धरलेला असतो, आणि हे काम शाळेचे आहे असे शाळा मानते.

आपल्याकडे शाळेची जबाबदारी निकालाच्या टक्क्यांवर संपते, आयटीआयची प्रवेशाने सुरू होते, कंपनीची हजेरीच्या दिवशी. मधली जागा कोणाचीच नाही. आदिवासी विकास विभागाच्या नंदुरबार आणि तळोदा या दोन प्रकल्प कार्यालयांच्या आश्रमशाळांपासून सुरुवात करता येईल. दहावीच्या वर्गाचे कागद डिसेंबरपर्यंत शाळेतच पूर्ण करावेत. प्रांत, तहसील आणि आधार केंद्राची माणसे शाळेत येऊ शकतात, मुलांनी जायलाच हवे असे नाही. नववीतच पालकांसह आयटीआयचे वर्कशॉप एक दिवस दाखवावे. निकालाच्या आठवड्यात प्रत्येक मुलाचा अर्ज शाळेतून भरला जावा. आणि एका शिक्षकाकडे, तासिका कमी करून, मागच्या दोन वर्षांत दहावी झालेल्या प्रत्येक मुलामुलीची यादी असावी: आज कुठे आहे, काय करते, काय अडले आहे. त्याने पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीआधी एकदा पाड्यावर जावे, घरच्यांशी त्यांच्या बोलीत बोलावे. बोली येत नसेल तर येणाऱ्या माजी विद्यार्थ्याला बरोबर न्यावे. शाळेची वार्षिक तपासणी होईल तेव्हा निकालाच्या टक्केवारीशेजारी ही यादीही अधिकाऱ्यांनी उघडून पाहावी, आणि ज्या नावापुढे काहीच लिहिलेले नाही त्या घरी दुसऱ्या दिवशी कोण जाणार ते तिथेच ठरवावे.